वहिवाट

गेल्या वर्षी आषाढात आमच्या गावच्या घराच्या मागील दारी, न्हाणीच्या भिंतीला टेकून पडलेल्या फणसाच्या ओंडक्यावर मला एक पिवळा ठिपका दिसला. ओंडका वादळात उन्मळलेल्या झाडाचा होता. फळ्या काढून झाल्यावर उरलेला बुंध्याचा तो तुकडा सरपणालाही कोणी नेला नव्हता, आणि दोन पावसाळे खाऊन त्याची साल बोटाने उकलावी इतकी मऊ झाली होती. ठिपका जुन्या रुपयाएवढा, हळद कालवून ओतल्यासारखा. पूजेचे काही सांडले असेल असे समजून मी त्याकडे दुर्लक्ष केले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथे नव्हता. त्या जागेपासून चार बोटे वर, सालीच्या फटीपाशी, तळहाताएवढा विरळ पिवळा पंखा पसरला होता. त्याच्या पुढच्या कडेला दाट, फुगीर झालर होती, आणि झालरीतून मागे निघालेल्या बारीक शिरा एकमेकींना मिळत मिळत जाड होत गेल्या होत्या. कालच्या जागी उरला होता तो गोगलगाय गेल्यावर उरतो तसा वाळका, चकाकता माग.

पाणीपुरवठ्याच्या कामात माझी ३४ वर्षे गेली, त्यामुळे त्या शिरा पाहून मला पहिली आठवण झाली ती कार्यालयातल्या निळ्या नकाशांची. उंच टाकीतून निघालेली मुख्य वाहिनी, तिच्या उपवाहिन्या, त्यांना फुटलेल्या गल्लीबोळांतल्या वितरिका, आणि एकीकडचा नळ फुटला तर दुसरीकडून पाणी फिरवता यावे म्हणून मध्येच घातलेली एखादी आडवी जोडणी, हे सारे त्या सालीवर होते. फक्त टाकी कुठे आहे ते कळत नव्हते.

या जीवाला इंग्रजीत स्लाइम मोल्ड म्हणतात. मराठीत श्लेष्मबुरशी म्हणता येईल, पण ती बुरशी नव्हे. वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. कुजक्या लाकडावर आणि पालापाचोळ्यात राहून जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू खाणारी ती एक प्रचंड पेशी आहे. प्रचंड हा शब्द मी जाणून वापरतो, कारण तळहाताएवढ्या त्या पसाऱ्यात पेशी-पेशींना वेगळे करणारी एकही भिंत नसते. एकच आवरण आणि आत लाखो केंद्रके, असा हा कारभार. त्याचे दोन तुकडे केले तर दोन जीव होतात आणि ते एकमेकांशेजारी ठेवले तर पुन्हा एक होतात. पिवळा रंग यांच्यातल्या अनेक जातींना असतो, त्यामुळे माझ्या ओंडक्यावरचा पाहुणा नेमका कोण होता हे मी नावानिशी सांगणार नाही. जगभरच्या प्रयोगशाळांनी पाळली आहे ती जात फायसॅरम पॉलिसेफॅलम. पॉलिसेफॅलम म्हणजे अनेक डोक्यांचा. ज्याला एकही डोके नाही, मेंदू नाही, मज्जातंतूचा धागाही नाही, त्याला हे नाव मिळावे ही शास्त्रीय नामकरणातली गंमत आहे. ते नाव त्याच्या बीजाणूंच्या बोंडांवरून पडले.

पुतणीच्या मुलीचा शाळेतला सूक्ष्मदर्शक घरात होता. सालीचा पातळ कपचा शिरेसकट काढून मी त्याखाली धरला आणि पुढचा तासभर खिडकीतून हललो नाही. शिरेच्या आत पिवळसर कणांचा लोंढा वाहत होता, पावसाळी गटारातून माती वाहावी तसा, मध्ये वेगाने आणि कडेला सावकाश. मग तो मंदावला. थांबला. आणि उलट्या दिशेने वाहू लागला. मी घड्याळाच्या सेकंदकाट्यावर मोजले: सुमारे मिनिटभर इकडे, क्षणभर शांतता, सुमारे मिनिटभर तिकडे. आमच्या धंद्यात रायझिंग मेनमधला, म्हणजे पंपापासून टाकीकडे चढणाऱ्या वाहिनीतला, प्रवाह उलटला म्हणजे वीज गेली, पंप बंद पडला आणि पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेने, एनआरव्हीने, दगा दिला. त्यानंतर नळात जो दणका बसतो त्याने जोड उखडलेले मी पाहिले आहेत. इथे मात्र उलटणे हाच नियम होता. पंप वेगळा नव्हताच. शिरेची भिंतच आकुंचन पावते आणि सैलावते, आपल्या स्नायूंत असतात तशाच प्रथिनांच्या धाग्यांच्या बळावर, आणि ती लाट जीवभर फिरत राहते. प्रत्येक हेलकाव्यात पुढे गेलेला माल मागे आलेल्यापेक्षा किंचित जास्त असेल तर तो जीव त्या बाजूला सरकतो. नळ हाच पंप, नळ हीच टाकी आणि नळ हाच गिऱ्हाईक. अशी योजना कोणी मंजुरीसाठी पाठवली असती तर मी ती शेरा मारून परत केली असती.

या जीवाचा गाजलेला प्रयोग २००० सालचा आहे. तोशियुकी नाकागाकी, हिरोयासु यामादा आणि आगोता तोत यांनी ‘नेचर’मध्ये पानभर मजकुरात तो प्रसिद्ध केला. आगरच्या, म्हणजे समुद्रशैवालापासून केलेल्या जेलीच्या, थरावर प्लास्टिकच्या पापुद्र्याच्या भिंती ठेवून त्यांनी सुमारे चार सेंटिमीटर औरसचौरस असा एक चक्रव्यूह तयार केला आणि फायसॅरमचे तुकडे त्यात जागोजागी ठेवले. ते वाढले, एकमेकांत मिसळले आणि त्यांनी तो चक्रव्यूह कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत भरून टाकला. मग दोन टोकांना ओट्सचे खाद्य ठेवले. काही तासांत बंद गल्ल्यांमधून तो जीव मागे सरला, मग लांबच्या वाटांवरून सरला आणि शेवटी दोन खाद्यांना जोडणारी एकच जाड नळी उरली, ती बहुतेक वेळा जवळच्या वाटेने.

या प्रयोगाची बातमी जिथे जिथे वाचली तिथे ‘मेंदू नसलेल्या जीवाने मार्ग शोधला’ असेच लिहिलेले होते. मला ‘शोधला’ हे क्रियापद खटकते. अभिमन्यूला आत शिरण्याची विद्या होती, बाहेर पडण्याची नव्हती, म्हणून त्याचा घात झाला. या जीवाला दोन्ही विद्या लागत नाहीत, कारण प्रश्न सुटण्याच्या आधीच तो चक्रव्यूहात सर्वत्र हजर असतो. त्याने वाट शोधलेली नाही, बाकीच्या सोडल्या आहेत. मूळ लेखातला एक तपशीलही बातम्यांत बहुधा गळतो. चक्रव्यूहात दोन ठिकाणी दोन-दोन पर्याय होते. एका ठिकाणी वाटा ४१ आणि ३३ मिलिमीटरच्या होत्या; तिथे जवळची वाट ठळकपणे निवडली गेली. दुसऱ्या ठिकाणी त्या ४४ आणि ४५ मिलिमीटरच्या होत्या. तिथे तशी ठाम निवड दिसली नाही, कारण एवढा फरक नळीच्या नागमोडीतच जिरून जातो. मला हे वाचून त्या जीवाबद्दल आपुलकी वाटली. आमच्याही अंदाजपत्रकात दोन टक्क्यांनी कधी कोणाचे अडले नाही.

सोडायचे कुठले आणि राखायचे कुठले हे ठरते कसे? यामागचा नियम एका ओळीत लिहिता येतो: ज्या नळीतून जास्त वाहते ती रुंद होते, जिच्यातून कमी वाहते ती आक्रसते. जवळच्या वाटेवर अडथळा कमी, म्हणून तिथून किंचित जास्त वाहते. जास्त वाहते म्हणून ती किंचित रुंदावते. रुंदावली म्हणून अडथळा आणखी कमी होतो. एकूण माल मर्यादित आहे, त्यामुळे एकीकडे वाढले ते दुसरीकडून वजा झालेले असते. ही वाढ किती झपाट्याने एकतर्फी होते ते समजायला एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच वैद्य प्वाझेय याचा नियम उपयोगी पडतो. बारीक नळीतल्या संथ प्रवाहाचे प्रमाण तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते, म्हणजे नळी दुप्पट रुंद झाली की तेवढ्याच दाबाने सोळापट वाहते. आमच्या लोखंडी नळांत पाणी घुसळत जाते, तिथे आम्ही हेझन-विल्यम्सचे सूत्र लावत असू, आणि त्याप्रमाणे व्यास दुप्पट केला तर पाणी सहापटीच्या आसपास वाढते. म्हणजे या इवल्या नळ्यांच्या जगात थोड्याशा फायद्याचे मोठ्या फायद्यात रूपांतर होणे आपल्या नळांपेक्षा कितीतरी सोपे आहे.

खाद्य सापडल्याचा निरोप पोहोचवायलाही वेगळी यंत्रणा नाही. खाद्याला टेकलेल्या भागात भिंत मऊ करणारे द्रव्य सुटते, ते याच प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि जिथे जास्त पोहोचते तिथल्या नळ्या आणखी सैलावून रुंद होतात. मिर्ना क्रामार आणि कारेन आलिम यांनी २०२१ साली हे मांडले, आणि त्यांनी काढलेला निष्कर्ष मला फार आवडतो: कोणती नळी जाड आणि कोणती बारीक हा जो उतरंडीचा आराखडा उरतो, तीच त्या जीवाची आठवण. खाद्य संपून गेले तरी ते कुठे होते हे नळ्यांच्या जाडीत राहते.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, आणि तो विज्ञानाच्या पुस्तकात नसून तहसील कचेरीत सापडतो. वहिवाट. शेतावर जाण्याचा रस्ता नकाशात असो वा नसो, लोक त्यावरून वर्षानुवर्षे ये-जा करत आले असतील तर तो वहिवाटीचा रस्ता ठरतो, आणि त्यावरून बांधाबांधांवर भांडणे होतात. शब्दाच्या व्युत्पत्तीत मी शिरत नाही, पण माझ्या कानाला त्यात वाहणेही ऐकू येते आणि वाटही. आमच्या कोकणात याची उलटी बाजूही बोलण्यात आहे. सड्यावरून शाळेत जायची आमची जी पायवाट होती तिच्यावरून आता कोणी जात नाही. शाळेच्या वेळेला एसटी येते. तिथे आता करवंदीच्या जाळ्या आहेत, आणि गावात कोणी विचारले तर म्हणतात, ‘ती वाट मोडली.’ कोणी मोडली नाही. नुसते कोणी चालले नाही.

नळांच्या जाळ्याचे गणित माझ्या पिढीने हाताने केले आहे. हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६ साली दिलेली पद्धत आम्ही वापरायचो. प्रत्येक नळातून किती पाणी जाईल याचा आधी अंदाज ठोकायचा, मग एकेका वळशाभोवती, म्हणजे नळांच्या बंद कड्याभोवती, फिरून दाबाची बेरीज-वजाबाकी जुळते का पाहायचे, जुळत नसेल तर दुरुस्ती करायची, आणि शेजारचा वळसा त्यामुळे बिघडला की पुन्हा पहिल्यापासून. नोकरीच्या पहिल्या वर्षी फुलस्केप कागदांवर नऊ वळशांचे एक जाळे मी पाच दिवस सोडवत बसलो होतो. तेव्हा आम्ही सगळ्या जाळ्याकडे वरून पाहत असू. फायसॅरमच्या नळीला मात्र शेजारच्या वळशाची काही माहिती नसते. तिला कळते ते आपल्यातून जाणारे पाणी, आणि तेवढ्यावरून ती रुंदावते किंवा मिटते. प्रत्येक नळीने केवळ स्वतःपुरते पाहिले तर सगळे मिळून खरोखरच सर्वांत जवळच्या वाटेवर येतात का, हा प्रश्न गणितज्ज्ञांनीही हाती घेतला. बोनिफाची, मेल्हॉर्न आणि वर्मा या तिघांनी २०१२ साली सिद्ध केले की या नियमाचे गणिती रूप कोणत्याही जाळ्यात अखेरीस सर्वांत जवळच्या वाटेवरच येऊन ठेपते. यातले वर्मा तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. या पिवळ्या चिकट्याच्या प्रमेयात कुलाब्याचाही वाटा असावा याचा मला उगाचच आनंद झाला.

दोन खाद्ये असली तर प्रश्न वाटेचा असतो. अनेक असली की जाळ्याचा होतो, आणि जाळ्यात फक्त लांबी वाचवून भागत नाही. सगळी ठिकाणे कमीत कमी लांबीत जोडायची तर झाडासारखा आराखडा निघतो, ज्यात एकही वळसा नसतो. तो सर्वांत स्वस्त, आणि एक नळ फुटला की पलीकडची सगळी वस्ती कोरडी. आडव्या जोडण्या घालाव्यात तर खर्च वाढतो. २०१० साली आत्सुशी तेरो, नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला तो याच ओढाताणीचा होता. टोकियो परिसरातल्या ३६ ठिकाणांच्या जागी त्यांनी खाद्याचे कण मांडले, टोकियोच्या जागी फायसॅरम ठेवला, आणि डोंगर व पाणी यांच्या जागी उजेड पाडला, कारण हा जीव उजेड टाळतो. २६ तासांत त्याने आधी सगळा प्रदेश व्यापला आणि मग विरळ होत होत एक जाळे शिल्लक ठेवले, जे तिथल्या रेल्वेच्या जाळ्याच्या जवळ जाणारे होते.

या प्रयोगानंतर जे लिहिले गेले त्याचा सूर ‘अभियंत्यांना शंभर वर्षे लागली, या जीवाने एका दिवसात केले’ असा होता, आणि अभियंता म्हणून मला त्यावर दोन शब्द बोलायचे आहेत. त्या लेखातले आकडे असे आहेत. झाडासारख्या सर्वांत स्वस्त आराखड्याचा खर्च एक धरला तर रेल्वेच्या जाळ्याचा सुमारे १.८ आणि फायसॅरमच्या जाळ्यांचा सरासरी १.७५ होता. प्रवासाच्या सोयीतही दोघे जवळपास सारखे. पण एखादा दुवा तुटला तर काही भाग एकाकी पडण्याची शक्यता रेल्वेत ४ टक्के होती, आणि तेवढ्याच खर्चा-फायद्याच्या फायसॅरमच्या जाळ्यांत, उजेडाच्या अडथळ्यांसह, १४ टक्क्यांच्या आसपास. उजेड नसताना २० टक्के. म्हणजे जिथे खरी परीक्षा होती तिथे माणसांचे जाळे सरस ठरले होते. संशोधकांनी हे स्वच्छ लिहिले आहे. त्यांचा रोख स्पर्धेवर नव्हता. इतक्या साध्या नियमातून इतके बरे जाळे कसे निघते आणि तो नियम उसना घेता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना गमतीशीर संशोधनासाठीचे इग नोबेल दोनदा मिळाले, २००८ साली चक्रव्यूहासाठी आणि २०१० साली रेल्वेसाठी. मला वाटते, बातमी लिहिणाऱ्यांपेक्षा ते पारितोषिक देणाऱ्यांनी हे काम जास्त नीट वाचले होते.

आता माझ्या बाजूचे. देशावरच्या एका नगरपालिकेच्या गावात मी सहा वर्षे होतो. तिथे एक व्हॉल्व्हमन होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. नकाशावर जे नळ होते त्यांतले काही जमिनीत नव्हते आणि जमिनीत होते त्यांतले बरेच नकाशावर नव्हते, आणि ही सगळी वजाबाकी अण्णांच्या डोक्यात होती. पहाटे चार वाजता ते लांब दांड्याची चावी घेऊन निघत आणि कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडला की कुठल्या आळीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढते हे त्यांना ठाऊक असे. एकदा बाजारपेठेतून गढूळ पाण्याची तक्रार आली. आम्ही तीन दिवस खोदत होतो. अण्णा रजेवर होते. चौथ्या दिवशी आले आणि जुन्या कत्तलखान्याच्या मागे बोट दाखवून म्हणाले, ‘साहेब, इथं तीन इंची सीआय लाइन मेली आहे. वीस वर्षं कुणाचं कनेक्शन नाही तिच्यावर. पण तोंड बंद केलेलं नाही.’ खणले तर खरेच, सीआय म्हणजे ओतीव लोखंडाचा नळ. बंद टोकाच्या त्या नळात पाणी साचून राहत होते, नळ आतून गंजून गाठी धरला होता, आणि दाब कमी झाला की ते पाणी मुख्य वाहिनीत परत येत होते. आमच्या भाषेत डेड एंड. त्याला वॉशआउट बसवून अधूनमधून पाणी सोडून द्यावे लागते, नाहीतर नळ तोडून तोंड कायमचे बंद करावे लागते. दोन्ही कामे कोणी करत नाही, कारण बंद नळ तोडण्याचे उद्घाटन होत नसते.

त्या खड्ड्याशेजारी उभे असताना फायसॅरम हा शब्दही मी ऐकलेला नव्हता. ओंडक्यापाशी बसल्यावर मात्र तो खड्डा आठवला. आमचे जाळे फक्त वाढते. प्रत्येक नवी वसाहत एक नळ जोडते, आणि जुना नळ कोणी काढत नाही. या जीवाचे नळ मात्र त्याच्या अंगाचे असतात. न वापरलेला नळ म्हणजे फुकट पोसलेले अंग, म्हणून तो तिथला माल ओढून घेतो आणि कामाच्या नळीत घालतो. आणि सोडून दिलेल्या जागेची नोंद ठेवण्याचीही त्याची सोय आहे. तो चकाकता माग म्हणजे तीच नोंद. सिडनीतल्या ख्रिस रीड आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या सापळ्यामागे खाद्य ठेवले होते. कोऱ्या आगरवर ९६ टक्के जीव ठरलेल्या वेळात वळसा घालून खाद्यापर्यंत पोहोचले. आधीपासूनच चिकटा फासलेल्या आगरवर, जिथे आपला माग ओळखण्याची सोयच उरली नव्हती, तिथे केवळ ३३ टक्के. जिथे आपण जाऊन आलो तिथे पुन्हा जायचे नाही, एवढेच तो मागावरून वाचतो. अण्णांच्या डोक्यातला नकाशा त्यांच्याबरोबर निवृत्त झाला. या जीवाचा नकाशा जमिनीवरच पडलेला असतो.

इतके कौतुक करूनही हा नियम मी आमच्या खात्याला सुचवणार नाही, आणि त्याचे कारण एका वस्तीत आहे. माझ्या शेवटच्या नेमणुकीत डोंगराच्या कुशीत अकरा घरांची एक वस्ती योजनेच्या अगदी टोकाला होती. माणशी ४० लिटर हा तेव्हाचा ग्रामीण मापदंड धरला (आता तो ५५ आहे) तरी तिथे दिवसाला अडीच-तीन हजार लिटर पाणी लागे, म्हणजे एका टँकरच्याही आतले, आणि त्यासाठी पावणेदोन किलोमीटर नळ टाकलेला. प्रवाहाच्या हिशेबाने पाहिले तर सगळ्या तालुक्यात त्याच्याइतका निरुपयोगी नळ नव्हता. आमचे नळ जिवंत असते तर पहिल्या उन्हाळ्यातच तो आक्रसून गेला असता, आणि त्याचे लोखंड बाजारपेठेतल्या वाहिनीला लागले असते. फायसॅरमने टोकियोच्या नकाशावर ३६ ठिकाणे धरून ठेवली, कारण त्या प्रत्येक ठिकाणी त्याला खायला होते. वस्तीकडून मुख्य वाहिनीला मिळण्यासारखे काही नव्हते. पाणीपट्टीही थकलेली. तरी तो नळ राखायचा असतो, आणि मे महिन्यात तिथल्या शेवटच्या नळाला करंगळीएवढी धार येते का हे पाहायला आम्ही जीप घेऊन जात असू. एकदा तिथल्या आजींनी त्या धारेचा पहिला तांब्या मला प्यायला दिला होता. पाणी कोमट होते, नळ उघड्या कातळावरून गेला होता.

ओंडक्यावरच्या जीवाचा एक तुकडा मी सालीसकट काढून ओल्या टिपकागदावर, स्टीलच्या डब्यात ठेवला आणि बाजूला ओट्सचे चार दाणे टाकले. सौ.ने डब्यात डोकावून पाहिले आणि म्हणाली, ‘अहो, हा डबा आता परत फराळाला काढायचा नाही हं.’ पहिल्या दिवशी तो तुकडा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एका दाण्याला वेढले आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दाण्यापर्यंत एक शीर गेली, सरळ नाही, कागदाच्या सुरकुतीतून. मग मला आठ दिवस पुण्याला जावे लागले. परत आलो तेव्हा टिपकागद वाळून खडखडीत झाला होता, आणि शिरेच्या जागी गडद नारिंगी रंगाची पापडी होती.

ओल सरली की हे जीव असे पापडी होऊन पडून राहतात, आणि पाणी मिळाले की महिन्यांनीसुद्धा उठतात. जपानमध्ये यांच्यावर जीव लावणारी माणसे नाकागाकींच्या खूप आधीपासून होती. वाकायामाकडच्या तानाबे गावचे मिनाकाता कुमागुसु यांनी १९२९ साली सम्राट हिरोहितोंना, जे स्वतः यांचे अभ्यासक होते, ११० नमुने भेट दिले, तेही रीतसर पेटीत न देता कॅरमेलच्या गोळ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून. माझ्याकडे कॅरमेलचे खोके नव्हते. मी ती पापडी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात घातली, वर तारीख लिहिली आणि पाकीट कपाटातल्या कप्प्यात ठेवले. ओंडका दिवाळीच्या आधी कोणीतरी फोडून न्हाणीच्या चुलीत घातला.

यंदा मृगाच्या पहिल्या पावसानंतर मी ते पाकीट उघडले, बशीत ओला टिपकागद अंथरून पापडी त्यावर ठेवली आणि बशी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, खिडकीपासून लांब ठेवली. पहिला दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पापडीची एक कड मऊ होऊन पिवळी दिसू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने हाक मारली. बशीच्या कडेवरून एक शीर खाली उतरली होती, ओल्या ओट्यावर दोन बोटे पुढे येऊन तिला तीन फाटे फुटले होते, आणि ओट्सच्या डब्याकडे पाठ करून त्यांतला सर्वांत जाड फाटा मोरीच्या दिशेने निघाला होता.